वाचता वाचता दफनभूमीपर्यंत

माणसानं प्रेमकथा वाचू नयेत असं माझं कधीच म्हणणं नव्हतं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी, एकट्या राहणाऱ्या माणसानं, आपल्याच भागीदारानं हातात दिलेली प्रेमकथा वाचू नये, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगेन. माझं वजन कमी झालं, झोप उडाली, झागोर्काबाईंचं कुंडीतलं जिरेनियम मेलं आणि मी स्वतः दफनभूमीपर्यंत जाऊन आलो. आणि हे सगळं एका पुस्तकापायी, तेही अर्धवट वाचलेल्या.

पुस्तक दिलं झागोर्काबाईंनी. नोव्हेंबरातली सकाळ होती. धुकं इतकं, की समोरचं न्हाव्याचं दुकान दिसत नव्हतं, नुसता लाझा न्हाव्याचा खोकला ऐकू येत होता. बाई पडद्यामागून आल्या, पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचा. आपल्यासारखंच आहे."

आणि लगबगीनं परत आत गेल्या. गाल लाल झाले होते. भट्टीची धग असेल, असं मला वाटलं.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो काढतो, लग्नाबिग्नांचेही काढतो, पण खरा धंदा थडग्यावर बसवायच्या चिनीमातीच्या लंबगोल फोटोंचा. आमच्या बानात प्रांतात माणूस हातीपायी धड असतानाच आपला दगड उभा करून ठेवतो. नाव कोरून घेतो, जन्मसाल कोरून घेतो, पुढची जागा मोकळी सोडतो आणि फोटोसाठी आमच्याकडे येतो. नवरा-बायको जोडीनं येतात, भांग पाडून बसतात. गेली तीस वर्षं मी प्रत्येकाला एकच सांगत आलोय, "हसू नका. थडग्यावर हसत नाहीत."

माझा मूळ भागीदार ओबराद. तो वारला आणि त्याचा अर्धा वाटा बहिणीकडे आला. म्हणजे झागोर्काबाईंकडे. बाई तोवर साखर कारखान्याच्या भोजनगृहात होत्या. मला बाई नको होत्या, बाईंना दुकान नको होतं. पण वाटा विकायला ना त्यांना गिऱ्हाईक मिळेना ना मला, म्हणून चार वर्षं आम्ही पडद्याच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होतो. त्या फोटो भाजायची भट्टी सांभाळायच्या, मी कॅमेरा. दुपारी त्या कॉफी करायच्या, ती मात्र पडदा ओलांडून यायची.

तर पुस्तक. नाव, 'अर्धी किल्ली, अख्खं काळीज'. वर चित्र असं, की एका बाईचा झगा खांद्यावरून घसरलाय आणि मागं उभ्या असलेल्या दाढीवाल्यानं हातात किल्ली धरलीय. आता मी गावात जरा मान असलेला माणूस. बिशपचे फोटो मी काढलेत. असलं पुस्तक घेऊन मी खिडकीत बसणार? मी त्याला मधमाशीपालनाच्या मासिकाचं कव्हर घातलं. त्याचा परिणाम असा झाला, की दुपारी लाझा आत आला आणि मला पोळं कुठल्या दिशेला ठेवावं यावर त्यानं तासभर ऐकवलं. "पूर्वेकडे तोंड ठेव. आणि घाबरायचं नाही. माशीला माणसाची भीती बरोबर कळते." घाबरायचं काय कारण आहे, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

मग वाचायला घेतलं. समुद्रकाठी एक जुनं हॉटेल. मालक मरतो आणि अर्धं हॉटेल भाचीला, अर्धं एका परक्या माणसाला देऊन जातो. दोघांनाही भागीदारी नको. भांडतात, रुसतात, एकमेकांच्या चुका काढतात. इथपर्यंत मीही हसत होतो, खरंच आपल्यासारखंच आहे म्हणून. मग जिन्याची पायरी सैल होते आणि भाची पडता पडता वाचते. मग स्वयंपाकघरात गॅसची तोटी उघडी सापडते. मग तो दाढीवाला तिला स्वतःच्या हातानं कॉफी करून देतो आणि कॉफीला कसलातरी वास येतो.

माझ्या समोर तेव्हा कॉफीचा कप होता.

या गोष्टीतली भाची म्हणजे मी, हे माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं. आणि बाईंचं 'आपल्यासारखंच आहे' आठवलं. बाईंना काही सुचवायचं होतं की काय? की धमकी? सरळ कोण सांगतं, मी तुम्हाला संपवणार आहे म्हणून! शिकलेली माणसं पुस्तकं देतात.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या पायरीवरून माझा पाय सटकला. ती पायरी ओबरादच्या काळापासून हलते, हे मी मान्य करतो. पण तेव्हा ती माझ्या जिवावर उठल्यासारखी हलत नसे.

तेव्हापासून मी कॉफी सोडली. म्हणजे उघडपणे सोडली नाही, तेवढी हिंमत नव्हती. बाई कप ठेवून आत गेल्या, की मी तो खिडकीतल्या त्यांच्या जिरेनियमच्या कुंडीत ओतायचो आणि मोठ्यानं म्हणायचो, "वा! झकास!" आठवडाभरात त्या झाडानं मान टाकली. बाईंनी सुकलेली पानं बोटांनी चाचपली आणि नुसतं म्हणाल्या, "लवकर गेलं."

लवकर म्हणजे काय? वेळ ठरलेली होती का?

मग एकेक लक्षात यायला लागलं. एकदा पडद्याआडून डोकं काढून विचारलं, "रादिवोय, तुमचा जन्म कुठल्या सालचा हो?" मी म्हटलं, "सहासष्ट. कशाला?" तर म्हणाल्या, "असंच." पुस्तकातला दाढीवाला अगदी असाच 'असंच' म्हणतो. आणि एकदा फोनवर हलक्या आवाजात बोलत होत्या. मी कान देत नसतो, पण पडदा पातळ आहे. "काळाच घ्या," त्या म्हणत होत्या. "आणि त्याचं आधी उरका. माझं काय, सावकाश झालं तरी चालेल."

मी तिपाईवर बसलो, पण बसण्याआधी तिचे पाय तपासून घेतले.

आता यावर उपाय एकच होता. पुस्तक संपवायचं. भाचीचं शेवटी काय होतं ते कळलं, की आपलं काय होणार त्याचा अंदाज येईल. मी धडाक्यानं वाचायला लागलो. भाची संशयानं वेडीपिशी झालीय. एका दुपारी दाढीवाला बाहेर गेल्यावर ती त्याचा खण उघडते. आत तिचाच फोटो, कोपऱ्याला काळी फीत. एवढ्यात मागं दार करकरतं. ती वळते, आणि...

आणि झागोर्काबाईंनी पुस्तक माझ्या हातातून, मधमाश्यांसकट, काढून घेतलं. "मुदत संपली हो. आज वाचनालयात परत द्यायचंय. आवडलं ना?"

"फार," मी म्हणालो.

मी त्यांच्या पाठोपाठ वाचनालयात पोहोचलो, त्या बाहेर पडल्यावर. वाचनालयात बिसेर्काबाई असतात. त्यांना हसताना गावात कुणी पाहिलेलं नाही.

"ते पुस्तक राखून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सदस्य नाही."

"एकच प्रकरण. इथंच उभ्यानं वाचतो."

"उभ्यानं फक्त वर्तमानपत्रं वाचता येतात."

"बाई, माझ्या जिवाचा प्रश्न आहे."

"सगळे असंच म्हणतात. पुस्तक चांगलं आहे." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सदस्य व्हायचं तर फोटो आणा. ताजा. कान दिसले पाहिजेत."

तीस वर्षं अख्ख्या गावाचे कान मी टिपलेत आणि माझा स्वतःचा एक ताजा फोटो नाही! आणि गावात दुसरा स्टुडिओही नाही. म्हणजे माझा फोटो काढणार कोण, तर झागोर्काबाई. ज्या बाईपासून जीव वाचवायचा, तिच्याच समोर जाऊन मान ताठ करून बसायचं. नशीब म्हणतात ते हेच.

मी स्टुलावर बसलो. दिवे डोळ्यांवर. बाई कॅमेऱ्यामागं वाकल्या, मग डोकं वर काढून म्हणाल्या, "अहो, असे काय बसलाय, मी गोळी घालणार असल्यासारखे?"

भीती एका मर्यादेबाहेर गेली, की माणसाचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मला हसू फुटलं. फिस्सकन, मग खदाखदा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तेवढ्यात खटका वाजला.

बिसेर्काबाईंनी फोटो दोन बोटांत धरला. "हसरा चालत नाही. हे वाचनालय आहे."

परत गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा फोटो काढून नेला. त्यात मी फासावर चढवायला नेल्यासारखा दिसत होतो. "हा छान आलाय," बिसेर्काबाई म्हणाल्या. "अगदी सदस्य वाटताय." आणि मला सदस्य करून घेतल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की पुस्तक सकाळीच सावेताकाकू घेऊन गेल्यात.

सावेताकाकू आमच्याच इमारतीत वर राहतात. कोण आजारी, कोण अत्यवस्थ, कोण गेलं, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळतं. मी खसखशीचा केक घेऊन वर गेलो. पुस्तक त्यांच्या मांडीवरच होतं, पालथं.

"काकू, त्या खणाच्या पुढं वाचलंत का?"

"वाचलं की. शेवटाला आलेय."

"मग काय होतं तिचं?"

"अहाहा! सांगितलं तर मजा नाही जायची?"

"मला मजा नकोय हो, काकू!"

काकूंनी केकचा मोठा तुकडा तोंडात टाकला. "बरं, एवढंच सांगते. तिनं ती कॉफी प्यायला नको होती."

"म्हणजे मेली?"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "आणि तो तिच्याकडे असा प्रेमानं बघतो रे... माझ्या तर अंगावर काटा आला."

"प्रेमानं?"

"तेच तर भयंकर!"

खाली उतरताना मी कठडा घट्ट धरून उतरलो. आता खरं सांगायचं तर झागोर्काबाईही अलीकडे माझ्याकडे बघायच्या. गिऱ्हाईक नसलं की पडद्याच्या फटीतून, बराच वेळ. मी बघितलं की नजर काढून घ्यायच्या.

त्याच सुमारास घुबडाचं प्रकरण झालं. घुबडं म्हणाल, तर हिवाळाभर आमच्या चौकातल्या झाडांवर शेकड्यांनी असतात. दिवसा झोपलेली. त्यांच्याकडे आम्ही ढुंकूनही बघत नाही. पण त्या आठवड्यात एक पठ्ठ्या सगळा गोतावळा सोडून नेमका आमच्या दुकानाच्या पाटीवर येऊन बसला. ओबरादचं नाव असलेल्या बाजूला नाही, माझ्या बाजूला. लाझा दाढीचा ब्रश घेऊन बाहेर आला, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आजीच्या घरावर असंच बसलं होतं."

"मग?"

"मग काय, आजी गेली. नव्वदीची होती, पण तब्येत ठणठणीत."

शेवटी मी ते केलं, जे करायला नको होतं. बाई बाहेर गेल्या असताना पडदा सारून त्यांच्या बाजूला गेलो आणि भट्टीशेजारचा खण उघडला.

आत मऊ फडक्यात गुंडाळलेला एक लंबगोल होता. चिनीमातीचा, नुकताच भाजलेला, कडेला बारीक काळी रेघ. त्यात मी होतो. हसत होतो.

असले लंबगोल मी हजारांनी हाताळलेत. जिवंत माणसांचे, त्यांच्या डोळ्यांदेखत. यात भिण्यासारखं काही नसतं, हे गिऱ्हाइकांना मीच समजावतो. पण स्वतःचा, न सांगता केलेला, दुसऱ्याच्या खणात सापडला, की सगळं शहाणपण गळून पडतं. त्यातून मागचं दार करकरलं. मी खण लोटला, पडद्यात पाय अडकून पडलो आणि पडदा अंगावर घेऊनच पळत सुटलो, तो थेट लाझाच्या खुर्चीत.

"लाझा, मी माझा वाटा विकतोय. आजच्या आज."

लाझानं कारणसुद्धा विचारलं नाही. "माझा मेहुणा जागाच बघतोय. चष्म्यांचं दुकान टाकणार. शब्द देतोस?"

दिला. तीस वर्षांचं दुकान मी तोंडाला फेस लावलेल्या अवस्थेत देऊन टाकलं. वाईट वाटलं. पण जीव वाचतोय म्हटल्यावर दुकान काय घेऊन बसायचं, अशी मी मनाची समजूत घातली. एवढं मात्र आठवलं, की उद्यापासून दुपारची कॉफी नाही. आणि ती गेले कित्येक दिवस मी पीतच नव्हतो, तरी ते वाटलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा उतरलेला. "आज दुपारी दुकान बंद ठेवू. माझ्याबरोबर यायचंय तुम्हाला."

"कुठं?"

"दाखवायचंय काहीतरी."

तुम्ही म्हणाल, नाही म्हणून सांगायचं. भित्रा माणूस नाही म्हणायलाही भितो, हे धीट लोकांना कधी कळत नाही. मी फक्त सावेताकाकूंना सांगून ठेवलं, की मी झागोर्काबाईंबरोबर जातोय, परत आलो नाही तर लक्षात ठेवा. काकू म्हणाल्या, "स्वेटर घाल."

बाईंची लाल गाडी म्हणजे ओबरादचीच जुनी. पुस्तकात ब्रेक निकामी करतात, म्हणून मी निघताना खाली वाकून बघितलं. मला ब्रेक कसे दिसतात ते ठाऊक नाही, तरी बघितलं. गाडी गावाबाहेर पडली, धुक्यात शिरली आणि दफनभूमीच्या फाटकाशी थांबली. बाईंनी मागच्या सीटवरून पिशवी घेतली. पिशवीत थर्मास होता.

मी त्यांच्या मागून चालत होतो. का, ते मला विचारू नका. पाय चालत होते. ओबरादच्या थडग्यापाशी थांबून त्यांनी दगडावर हात फिरवला आणि पुढं झाल्या. दोन रांगा टाकून एक नवी जागा होती. सिमेंटनं बांधून काढलेला खड्डा, झाकण बाजूला सारलेलं. उशाशी काळा, गुळगुळीत दगड. त्यावर एकच नाव होतं. रादिवोय तेशिन. एकोणीसशे सहासष्ट. पुढं एक रेघ आणि मोकळी जागा.

काळाच घ्या. त्याचं आधी उरका.

मी त्या ओल्या गवतात गुडघे टेकले. "बाई, सगळं घ्या! दुकान घ्या, कॅमेरे घ्या! मी कुणाला काही सांगणार नाही! मला जगू द्या!"

बाई थर्मास हातात धरून बघतच राहिल्या. "काय झालं तुम्हाला?"

मग मी सगळं ओकलो. पायरी, कॉफी, जिरेनियम, फोन, घुबड. भाची आणि दाढीवाला. खणातली काळी फीत आणि खणातला मी.

"खून?" बाई म्हणाल्या. "कसला खून? त्या पुस्तकात कुठं खून आहे?"

"कुठं म्हणजे? पानोपानी!"

"ती पानं मी वाचत नाही," बाई म्हणाल्या. "मला भीती वाटते. जिन्यात पाऊल वाजलं, की मी पुढची पानं उलटून टाकते, ती दोघं परत बोलायला लागेपर्यंत."

"मग तुम्ही वाचलंत तरी काय?"

"दोन माणसं असतात. एकमेकांना नको असतात." बाईंचा आवाज घोगरा झाला. "मग हवी होतात."

मी गुडघ्यांवरच होतो. कुठल्या पानांत मी खून शोधत बसलो होतो आणि त्याच पानांच्या मधे काय होतं! तोंड लपवायला जागा नव्हती. होती, पण ती सिमेंटची होती.

आणि मग बाईंचा बांध फुटला. चार वर्षांचं 'तुम्ही' एका झटक्यात गेलं. "मेल्या, मी तुला मारणार? अरे, तुझ्याशेजारी पुरून घ्यायला निघालेय मी, आणि तू लाझाच्या मेहुण्याला वाटा देऊन मोकळा? मला न विचारता? काल लाझानं सांगितलं तेव्हा रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या! म्हणून आणलं तुला इथं. नाहीतर सगळं झाल्यावर, नीट, नाताळात दाखवणार होते." नाक पुसून त्या ओबरादच्या दगडाकडे बघायला लागल्या. "तिथं त्याची बायको आहे. आईबापांजवळ जागा नाही. इथं प्रत्येकाला ठाऊक असतं, आपण कुणाच्या शेजारी झोपणार ते. मला नव्हतं ठाऊक. तुलाही नव्हतं. मला वाटलं, दिवसभर एका पडद्याच्या दोन बाजूंना बसतोच आहोत."

लाझाच्या मेहुण्याला चष्म्यांसाठी दुसरी जागा शोधावी लागणार, एवढंच डोक्यात आलं. ते मी बोलूनही दाखवलं.

"खरंच?" त्या म्हणाल्या.

"खरंच. पण तुमचं... तुझं नाव का नाही कोरलं?"

बाई एकदम लाजल्या. "इथल्या कचेरीतली बाई अडून बसलीय. म्हणते, एका दगडाखाली दोन परकी माणसं चालत नाहीत. आधी नातं लावून या."

"कसलं नातं?"

"आता ते पण मीच सांगू?"

त्यांनी पिशवीतून ते मऊ फडकं काढलं, लंबगोल दगडावर माझ्या नावाच्या वर टेकवून धरला आणि डोकं तिरपं करून बघू लागल्या. धुक्यात मी एकटाच खदाखदा हसत होतो. बाकी सगळी दफनभूमी गंभीर. तिथले निम्मे चेहरे मीच गंभीर करून दिलेले.

"हसरा फोटो थडग्यावर चालत नाही," मी म्हणालो. तीस वर्षांची सवय.

"माझ्या शेजारी चालेल," झागोर्का म्हणाली.

मग तिनं थर्मास उघडला. पहिला घोट ओबरादच्या नावानं जमिनीवर ओतला आणि पेला माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी धरला. आता भीती वेगळीच होती. चार वर्षं पडद्याच्या अलीकडे घालवली, आणि पुढं किती उरलीत ते दगडावरही लिहिलेलं नाही, याची.

"साखर पुरे का?" तिनं विचारलं.

मी आधी कॉफी प्यायलो. सगळी. मग म्हणालो, "पुरे."